ड्यूकसाठी नोकरी शोधताना

कर्तव्य ज्याच्या रक्तात असतं, त्याला सुखाचा मोह पडत नाही. हे वाक्य दाजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, पुणं सोडताना ड्यूकच्या माहितीपत्रकातून मोठ्याने वाचून दाखवलं. ड्यूक तेव्हा माझ्या मांडीवर डोकं ठेवून एसीच्या झोतात घोरत होता.

ड्यूक बॉर्डर कॉली, म्हणजे मेंढ्या वळणाऱ्या जातीचा. त्याच्या सात पिढ्यांची नावं छापील आहेत. आमच्या घराण्याला तीनच्या पुढे आठवत नाहीत. ही जात हुशार, चपळ आणि हलेल त्याला घेरून एका जागी आणणारी. मेंढी नसेल तर काहीही चालतं. ड्यूकने सोसायटीच्या चेअरमनसाहेबांना पार्किंगच्या कोपऱ्यात वळवलं आणि ते वळेनात तेव्हा घोट्याला दात लावले. महिनाअखेर कुत्रा बाहेर, असा ठराव झाला. दाजींनी मग ठरवलं, त्याला एखाद्या कळपात कायमचं रुजू करून यायचं. ताईने ड्यूकचं जुनं पांघरूण पिशवीत घातलं.

हिंगोलीत गाडी ठेवून रफिकभाईंची जीप केली. ते लोकरीचा व्यापारही करतात, त्यामुळे मेंढपाळ त्यांच्या ओळखीचे. तीन ब्रश, गारव्याची गादी आणि खाण्याचे डबे चढताना पाहून त्यांनी विचारलं, “साहेब, नवरदेव कंचा?”

पुसेगावच्या रस्त्याला दोन्हीकडे तूर आणि पिवळी पडत चाललेली हळद होती. गावाच्या अलीकडे एका रिकाम्या रानात गयाबाईंच्या मेंढ्या बसल्या होत्या. खतासाठी शेतकरीच कळप बसवून घेतात. राखणीला एक फाटक्या कानाचा कुत्रा होता. नाव पाव्हणा. “एक दिस आला, गेलाच न्हाई,” गयाबाई म्हणाल्या. लांडगा दिसला तर भुंकायचं, एवढंच त्याचं काम. ताकात कुस्करलेली भाकरी हा त्याचा आहार, आणि गयाबाईंच्या बोटांनी गोचिड्या काढणं ही निगा. आम्हालाही भाकरीच मिळाली, वर ठेचा.

दाजींनी विषय काढला. गयाबाईंनी ड्यूककडे पाहिलं.

“ठेवते की. पण निम्म्या मेंढ्या गाभण (पोटात पिल्लं असलेल्या) हायत. पळाल्या तर गाभ टाकतील. एक बी पळाली तर माघारी न्यायचं. बराबर?”

“बराबर,” दाजी शपथविधीच्या आवाजात म्हणाले.

पट्टा सुटला. ड्यूक जमिनीला पोट लावून कळपाकडे एकटक बघत राहिला.

“काहून (का) असं बघून राहिलं हे लेकरू? पोट दुखते का त्याचं?”

“नजर आहे ती! नजरेने वळवतो,” दाजी म्हणाले.

ड्यूक सुटला. मेंढ्यांनी माना वर केल्या. गयाबाईंनी शांतपणे जिभेने हाक दिली आणि पाठ फिरवून चालू लागल्या. अख्खा कळप त्यांच्या मागे निघाला. इकडे मेंढपाळ पुढे आणि मेंढ्या मागे असतात. मागून ढकलायची जागा इथे सात पिढ्यांत कधी निघालीच नव्हती.

रानात आता एकच जीव कळपाबाहेर होता: मोबाइलवर चित्रण करणारे दाजी. ड्यूकने त्यांना घेरलं, हुसकलं, गोखरूच्या काट्यांतून दौडवलं आणि मेंढ्यांच्या मधोमध नेऊन उभं केलं.

“एक बी मेंढी पळाली न्हाई,” गयाबाई म्हणाल्या. “साहेब तेवढे पळाले. ठेवून जावा.”

दाजींना आनंद व्हायला हवा होता. ते ड्यूकच्या अंगातले गोखरू बघत राहिले. गयाबाईंनी लोकर कापायची कातर काढली, तसे ते मधे आले.

“कापू नका! याच्या केसांना दोन थर असतात. वरचा कापला तर ऊन लागतं त्याला.” आणि ते ढेकळात बसून एकेक काटा हाताने उपटू लागले. तासभर लागला. ड्यूक इतका वेळ स्वस्थ पडून राहिलेला मी कधी पाहिला नव्हता.

“रोज किती चालते ह्यो?” गयाबाईंनी विचारलं.

“गच्चीवर दहा मिनिटं.”

“मग माणसं चावंल न्हाई तर काय करंल? मला हाकंवर येणाऱ्या मेंढ्या हायत. त्याला बी त्याची मेंढी गावली की, साहेब. घेऊन जावा अन् रोज चालत जावा त्याच्यासंगं.”

रफिकभाई इतके हसले की जीपला टेकून उभे राहिले. दाजींनी आधी पांघरुणाची पिशवी जीपमध्ये ठेवली, मग ड्यूकला.

पुण्याला येईपर्यंत रक्तातल्या कर्तव्याबद्दल कोणी बोललं नाही. ठराव तूर्त तहकूब आहे. चेअरमनसाहेबांचा घोटा भरून आला. ड्यूक रोज सकाळी दोन तास त्याचा कळप टेकडीवर नेतो आणि घरी येऊन आपल्या जुन्या पांघरुणावर झोपतो. कळपाचं वजन पाच किलोने उतरलं आहे.