एका तारखेचा फोन

हॅलोकाकांच्या घरात भिंत कमी आणि फोन जास्त. पुढे चष्म्याचं दुकान, मागे संसार, आणि दोहोंना जोडणाऱ्या बोळात दोन्ही बाजूंना टांगलेले डायलचे जुने फोन. बहुतेक काळे, काही करडे, एखादा पिवळट पडलेला. टेबलावरच्या फोनला काका हात लावत नाहीत. “तो आज इथे, उद्या तिथे. भिंतीवरचा फोन घर धरून राहतो,” असं त्यांचं म्हणणं. यातल्या एकालाही लाइन नाही. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, “घरात एवढे फोन, पण यांना निरोप द्यायचा तर दुकानात जाऊन खांदा हलवावा लागतो.” ते खरंच आहे. काकांचा मोबाईल चष्म्यांच्या खोक्यांखाली कुठेतरी वाजत असतो आणि काका आधी भिंतीकडे बघतात.

माणूस तसा साधा. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवायचा आणि “टोचतंय का?” विचारायचं, यातच त्यांचा जन्म गेला. पण फोन उघडायला बसले की हाच माणूस वेगळा होतो. चहा निवतो, हाका ऐकू येत नाहीत. काकूंची तक्रार अशी, “लग्नाआधी यांनी मलासुद्धा इतकं निरखून पाहिलं नव्हतं.”

फोनचं वय ओळखणं ही त्यांची खरी हौस. बाहेरच्या रूपावरून वय कळतं असं आपल्याला वाटतं. काका त्यावर नुसते हसतात, कारण रूपावर जायचं तर माणसाचंही वय चुकतं. मागचे स्क्रू काढायचे, घड्याळवाल्याचं भिंग डोळ्याला लावायचं आणि आत शिरायचं. कारखान्याने प्रत्येक भागावर महिना आणि वर्ष उमटवलेलं असतं. डायलच्या पाठीवर एक, घंटांच्या पट्टीवर एक, रिसीव्हरच्या पोटात एक, खोक्याच्या आतल्या अंगाला एक. आणि गंमत ही की या तारखांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. घंटा म्हातारी, डायल तरुण, रिसीव्हर कालचं पोर.

त्याचं कारणही साधंच. त्या काळी फोन घरातल्यांचा नसायचाच, तो टेलिफोन खात्याचा. बिघडला की खात्याचा माणूस तो काढून न्यायचा आणि दुसरा लावायचा. नेलेला फोन वर्कशॉपमध्ये सुटा व्हायचा, सगळ्या डायली एका ढिगात, सगळ्या घंटा दुसऱ्या ढिगात, आणि हाताला येईल ते उचलून पुन्हा फोन तयार. त्यामुळे ज्याच्या साऱ्या भागांवर एकच तारीख आहे, जो कारखान्यातून निघाला तसाच्या तसा राहिला, असा फोन मिळणं म्हणजे नशीबच. काका आणि त्यांच्यासारखे इतर वेडे त्याला ‘एका तारखेचा फोन’ म्हणतात, आणि म्हणताना आवाज आपोआप खाली येतो.

काकांना असा फोन कधी मिळाला नाही. मग त्यांनी तेच केलं जे हे सगळेच करतात. जुळवणी. याची डायल काढ, त्याला बसव, याच्या घंटा त्याला दे. असं करत करत वर्षांनुवर्षांनी जिन्याखालच्या काळ्या फोनच्या चारही तारखा जुळल्या. त्या दिवशी काकांनी दुकान लवकर बंद केलं आणि जिन्याच्या पायरीवर बसून त्या फोनकडे बघत राहिले. काकूंनी भाजी चिरता चिरता विचारलं, “आता याला ओवाळू का?”

या सगळ्याची सुरुवात आईच्या फोनपासून झाली होती. काकांची आई बाळंतपणं करणारी नर्स. वस्तीत फोन होता तो फक्त तिच्याकडे, तोही कामासाठी मिळालेला, स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर. आई गेली, भाड्याचं घर सोडायची वेळ आली, तेव्हा काकांनी तो फोन स्वतः उतरवून आणला; खात्याचं कुणी तो न्यायला आलंच नाही. त्यांच्या संग्रहातला तो पहिला. आणि पहिला असल्यामुळेच त्याची सगळ्यात जास्त दैना झाली. तेव्हा काकांना तारखांची अक्कल नव्हती. दुसऱ्या फोनची डायल मोडकी निघाली, आईच्या फोनची काढून लावली. तिसऱ्याचा रिसीव्हर तडकलेला होता, आईचा दिला. घंटाही कुठेतरी गेल्या. खोकं तेवढं बोळात राहिलं, पोटात परके भाग घेऊन. काकांना त्याचं कधी काही वाटलं नाही. सगळं घरातच तर आहे.

आणि मग एक दिवस ताई आली.

ताई काकांची थोरली बहीण. ती वरच्या वर्गात शिकत होती तेव्हा काका जन्मले, त्यामुळे अर्धी बहीण आणि अर्धी आईच. आता तिचे गुडघे थकले होते. लेक दूरदेशी, ती न्यायला येणार होती, आणि परतीची भाषा कुणीच करत नव्हतं. सामानाची आवराआवर झाल्यावर ताई काकांकडे आली, बोळातल्या खुर्चीवर टेकली आणि म्हणाली, “मला काही नको. आईचा फोन तेवढा दे. खोलीत माझ्या समोर लावेन.”

“देतो की,” काका म्हणाले.

“तोच दे हं. तुझ्याकडे दुकान आहे, त्यातला कुठला तरी नको.”

ताई गेल्यावर त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, “अहो, सगळे काळेच तर आहेत. पुसून द्या एखादा. त्यांना काय कळणार?”

काकांना हे पटलं असतं तर किती सोपं झालं असतं. पण ज्याने आयुष्यात कधी एकाही फोनचं वय एका महिन्यानेही चुकीचं सांगितलं नाही, त्याने सख्ख्या बहिणीच्या हातात परका फोन आईचा म्हणून ठेवायचा? त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. रविवारी सकाळी त्यांनी बोळातले सगळे फोन उतरवले, चादर अंथरली आणि बसले.

तारखा इथे कामाच्या नव्हत्या. आईचा फोन अख्खा होता तेव्हा त्याच्या भागांवर कुठल्या तारखा होत्या ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, आणि खोक्याच्या आतली तारीख म्हणजे सगळ्या फोनची तारीख नव्हे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच भिंग तारखेवरून हटवलं आणि फोनच्या अंगावर फिरवलं. आई आठवू लागली. आई कोपरापर्यंत साबण लावून हात घासायची आणि फोन वाजला की ओल्या हातानेच रिसीव्हर उचलून मानेत धरायची. ज्या रिसीव्हरची एक बाजू साबणाने कायमची मंद झाली आहे, तो तिचा. बोटं ओली म्हणून डायल फिरवायची ती मिटलेल्या कात्रीच्या टोकाने. दवाखान्याचा नंबर सगळा तीन आणि आठ या आकड्यांचा. त्या दोन छिद्रांखाली ओरखडे असलेली डायल, ती तिची. आणि पोरांची झोप मोडू नये म्हणून घंटेला आतून जखमेची चिकटपट्टी लावलेली असायची.

रिसीव्हर सापडला. डायल सापडली. दुपार कलली तरी काका उठेनात, कारण आता त्यांना एक वेगळीच गोष्ट दिसू लागली होती. आईच्या खुणा शोधता शोधता बाकीच्यांच्या खुणा दिसत होत्या. एका रिसीव्हरच्या टोकावर बारीक दात उमटलेले, कुणाचं तरी बाळ तो चावत बसायचं. एका डायलवर शून्याचं छिद्र तेवढं झिजून गुळगुळीत झालेलं. त्या घरातून सतत कुणी तरी लांबच्या गावी फोन लावत असणार. एका खोक्याच्या कडेला भिंतीच्या रंगाचे थर, निळ्यावर हिरवा, हिरव्यावर पांढरा. रंगारी येऊन गेले, पण फोन कुणी हलवला नाही. इतकी वर्षं काका हे सगळं घासून, पुसून, पॉलिश करून घालवत आले होते. त्यांचे डोळे भरून आले. चादरीवर पन्नासभर घरं मांडून ठेवल्यासारखं त्यांना वाटलं, आणि आपण त्यांच्या फक्त जन्मतारखा वाचत बसलो.

घंटा शेवटी सापडल्या त्या जिन्याखालच्या फोनमध्ये. आतल्या बाजूला चिकटपट्टीचा जुनाट गोंद. काकांनी पेचकस हातात घेतला आणि थोडा वेळ तसेच बसले. मग आपला अभिमानाचा फोन त्यांनी स्वतःच्या हाताने उघडला.

आईचा फोन पुन्हा उभा राहिला तेव्हा सवयीने त्यांनी भिंग लावलं. खोकं, डायल, रिसीव्हर, घंटा. महिना तोच, वर्ष तेच. त्यांनी पुन्हा पाहिलं. मग काकूंना हाक मारली, आणि ती अशा आवाजात की काकू हातातलं काम टाकून धावत आल्या.

“हा एका तारखेचा आहे,” काका म्हणाले. “पहिल्यापासून. मीच मोडला होता.”

“म्हणजे काखेत कळसा,” काकू म्हणाल्या. पण त्याही खाली बसल्या आणि त्यांनी फोनला हात लावून पाहिला.

काकांना एकच कोडं पडलं. बाळंतपणाचा फोन, दिवसभर वाजणारा. इतक्या वर्षांत खात्याने तो एकदाही बदलला कसा नाही?

दुसऱ्या दिवशी ताई आली. काकांनी तिला आडपडदा न ठेवता सांगितलं की मी हा सुटा केला होता, आणि परत जोडला आहे. ताई रागावली नाही. मांडीवर फोन घेऊन तिने रिसीव्हरवरून हात फिरवला, त्याच्या मंद बाजूवर तिचा अंगठा थांबला. मग डायलकडे बघून तिच्या कपाळावर आठी आली. नंबर फिरवताना बोट जिथे जाऊन अडतं, त्या धातूच्या छोट्या पट्टीवर तिने बोट ठेवलं.

“ही सरळ कशी?”

“मीच केली. वाकली होती. शेगड्याच्या लोखंडी जबड्यात पकडून ठोकून सरळ केली,” काका म्हणाले. “माझी पहिली दुरुस्ती ती.”

ताईने पट्टीवरचं बोट उचललं. मग म्हणाली, “तुला आईने कधी सांगितलं नाही?”

“काय?”

“तुझ्या वेळचं आहे ते. तू दिवस भरायच्या आधीच निघालास. बाबा फिरतीवर. घरात मी आणि ती. ती स्वतःच उठली, भिंत धरत फोनपर्यंत आली. मला शेजारी उभं केलं आणि म्हणाली, रिसीव्हर माझ्या कानाला धर. नंबर फिरवला. पलीकडची बाई म्हणाली, जरा थांबा. तेवढ्यात कळ आली. धरायला काही नव्हतं रे, नुसती भिंत. तिने ही पट्टी धरली.”

काकांनी पट्टीकडे पाहिलं.

“ओरडली नाही. मी घाबरेन म्हणून. मला फक्त तिचे दात ऐकू येत होते. कळ गेली तेव्हा पट्टी खाली वाकली होती. आणि मग तिने पत्ता सांगितला. दुसऱ्या कुणाच्या घरचा सांगावा तसा, शांतपणे. कुठल्या वळणावर वळायचं तेसुद्धा.”

“नंतर फोन चालत होता?”

“कसला चालतोय. शेजारचे लावायला आले की हमखास राँग नंबर. आई बोट थोडं अलीकडेच उचलायची, तिला बरोबर जमायचं. खात्याचा माणूस कितीदा आला, बाई, नवा बसवून देतो म्हणाला. तिने दारातूनच परत पाठवला. हाच बरा आहे म्हणाली.”

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

काकांनी ताईच्या मांडीवरचा फोन उचलला आणि भिंतीच्या रिकाम्या खिळ्यावर टांगला. दर फोनची तारीख हुडकणारा हा माणूस. स्वतःची तारीख त्याच्या हाती पहिल्याच दिवशी आली होती, आणि त्याने ती शेगड्यात धरून ठोकून काढली होती. काकांनी पट्टीला बोटं अडकवली आणि खाली ओढली.

पट्टी हलली नाही. त्यांनी पाय रोवले, दुसरा तळहात भिंतीला टेकवला आणि सगळा जोर लावला. मनगटाची शीर तटतटून वर आली, पेरं पांढरी पडली. पट्टी तसूभरही खाली गेली नाही.

“राहू दे,” ताई म्हणाली. “तुझ्याच्याने नाही व्हायचं ते.”

काका पट्टी धरून तसेच उभे राहिले.