लेफ्ट-इन की लेफ्ट-आऊट
हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. जवसाच्या तेलाचा वास आला की भांडुपच्या कारखान्याचं कॅन्टीन आठवतं. कुणीतरी हॉकी स्टिकला तेल चोळत होतं आणि आम्ही कारखान्याच्या हॉकी टीमचे चाहते वाद घालत होतो. मालकाच्याच मुलुंडच्या कारखान्यातला फुलबॅक आम्हाला हवा होता, पण बदल्यात कोण द्यायचा? "लेफ्ट-इनला दे रे, पास देतो का कधी?" डावीकडे आतल्या बाजूला खेळणाऱ्या लेफ्ट-इनला द्यायचं, यावर सगळे कबूल झाले. हा निरोप घेऊन मी टीमच्या सेक्रेटरीकडे गेलो आणि म्हणालो, "लेफ्ट-आऊट." डाव्या कडेला खेळणारा लेफ्ट-आऊट तर माझा जिवलग मित्र. आठवड्यात त्याची मुलुंडला बदली झाली. "माझं नाव कुणी घेतलं रे?" त्याने विचारलं. "काय माहीत यार," मी म्हणालो. जीभ घसरली, की त्याला मिळणाऱ्या टाळ्या मला सलत होत्या, आजही कळत नाही. नाव मी घेतलं, एवढं त्याला सांगायचं राहिलंय.