तीन तासांचे दीड तास

आमच्या बँडचा वर्षातून एकदा होणारा कार्यक्रम तीन तासांचा होता, तो दीड तासावर मी आणला. बाकी दोघांनी मत द्यायला नुसते हात वर केले. म्हणून हे लिहायचं तर मीच लिहायला हवं.

बँड म्हणजे आम्ही चौघं. मी ड्रम वाजवतो. बाकी एक गिटारवाला, एक बासवाला आणि एक गायक. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, घरोघरी नुकतंच केबल आलं होतं, तेव्हा सदाशिव पेठेतल्या एका गच्चीवर आम्ही हा उद्योग सुरू केला. खालच्या मजल्यावरचे काका आठवड्यातून दोनदा वर येऊन "झालं का आपलं?" एवढंच विचारायचे. नाही म्हटलं की "बरं" म्हणून खाली जायचे. शिवीपेक्षा ते वाईट होतं. पण त्या वयात पाच पाच तास वाजवून सायकलवर डबलसीट घरी जायचो आणि दुसऱ्या दिवशी सबमिशन द्यायचो.

मग सगळ्यांचं झालं तेच आमचं झालं. दोन हजार साल उजाडलं की जगातले कॉम्प्युटर बंद पडणार, अशी अमेरिकेत घबराट होती आणि त्यांना माणसं हवी होती. आम्ही तिघं गेलो. गायक राहिला. बँड चालणार असं त्याला मनापासून वाटत होतं, त्यापायी त्याने हातात आलेली सॉफ्टवेअरची पहिली नोकरी सोडली होती. आम्ही गेल्यावर बँडच उरला नाही. तो भोसरीला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, खरेदी विभागात लागला. विमानतळावर सोडायला मात्र तोच आला होता, तिन्ही वेळा.

परत आलो तेव्हा बाणेर-बालेवाडीला फ्लॅट झाले, पोटं सुटली, आणि चाळिशी उलटल्यावर बँड पुन्हा सुरू झाला. वर्षातून एक कार्यक्रम, तोही रविवारी सकाळी साडेदहाला. सकाळच्या उन्हात रॉक म्हटल्यावर लोक हसतात, पण संध्याकाळचे हॉल नाटकांना जातात. शिवाय आमचे श्रोते म्हणजे आमच्याच बॅचचे लोक, त्यांना रात्री जागवत नाही. नाश्ता करून यायचे. साडेदहा ते दीड आम्ही वाजवायचो, दोनला हॉल नाटकवाल्यांच्या ताब्यात. "दोन म्हणजे दोन," हॉलचे मॅनेजर दरवर्षी सांगायचे, जणू आम्ही कधी तीन केले होते.

या तीन तासांचे दोन भाग, आणि मधोमध माझा सोलो असायचा. बाकीचे तिघं आत विंगेत जायचे आणि मी एकटा वाजवायचो. गिटारवाला परत येऊन आपल्या जागी उभा राहिला की मी आवरतं घ्यायचं, अशी आमची खूण. पहिल्या वर्षी सोलो चार मिनिटांचा होता. मग सहा झाला, मग नऊ. शेवटी शेवटी बारा मिनिटं गिटारवाल्याचा पत्ता नसायचा. मला वाटायचं, आपली कदर होतेय. वय वाढलं तसा हात पिकला, लोकांना ऐकावंसं वाटतं, म्हणून मित्र मोठ्या मनाने जागा करून देताहेत. हे मी एकदा दारूच्या दोन पेगनंतर बोलूनही दाखवलं होतं. तेव्हा तिघांनीही एकदम चकण्याकडे हात नेला.

पन्नाशीनंतर माझा उजवा खांदा धरला. शर्टाची बाही घालताना डोळ्यांत पाणी यायचं. सदाशिव पेठेतल्याच एका फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे जाऊ लागलो. वयाने मोठ्या, बोलायला खडखडीत. काय करता म्हणाल्या, तर ड्रम वाजवतो म्हणालो. किती वेळ, तर तीन तास.

"तीन तास?" त्या म्हणाल्या. "अहो, तासभर वाजवा की. ऐकणाऱ्यांनाही खांदे असतात."

त्या वर्षीचा कार्यक्रम मी कसाबसा रेटला. सोलोत सहाव्या मिनिटाला हात वर जाईना. विंगेकडे पाहिलं, कोणी नाही. आठव्याला पाहिलं, कोणी नाही. डाव्या हाताने ओढत राहिलो. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी मनातल्या मनात प्रत्येकाच्या नावाने बोटं मोडत होतो. गिटारवाला उगवला तेव्हा तेरा मिनिटं झाली होती.

घरी जाताना बायको गाडीत म्हणाली, "तुला एक सांगू? चिडणार नाहीस ना?" ती त्या दिवशी पहिल्या रांगेत अगदी कडेला बसली होती, तिथून आतलं सगळं दिसतं. "तुझा सोलो चालू असतो तेव्हा ते तिघं नाटकाच्या सोफ्यावर बसून उपमा खातात."

मी चिडलोच. आठवडाभर कोणाचा फोन घेतला नाही. खांदा दुखत होता तो होताच, पण इतकी वर्षं ज्याला मी मान समजत होतो तो उपमा निघाला, याने जास्त दुखत होतं.

मग गिटारवाल्याच्या घरी बैठक झाली. मी सरळ सांगितलं: इथून पुढे दीड तास. सोलो बंद, दुसरा भाग बंद, बारा गाणी आणि घरी. आपण विशीतले नाही, समोरचेही नाहीत. एका वाक्यात गिटारवाला हो म्हणाला, दुसऱ्यात बासवाला. इतक्या झटकन, की त्यांनाही कित्येक वर्षं हेच हवं होतं आणि कोणीतरी बोलायची ते वाट पाहत होते, हे उघड झालं. एकटा गायक मात्र तयार नव्हता.

"दीड तासात काय होतं?" शेवटी तो म्हणाला. "घसा मोकळा व्हायलाच अर्धा तास जातो."

"आणि मोकळा झाला की दमतो," मी म्हणालो. "म्हणून मला तेरा मिनिटं जुंपता ना?"

"हो," तो म्हणाला. "मीच त्यांना सांगितलं होतं, लवकर जाऊ नका म्हणून. तेवढा बसलो नाही तर दुसऱ्या भागात माझा आवाज लागत नाही."

"मग मला सांगायचं होतंस."

"तू खूश होतास."

यावर मी जास्तच चढ्या आवाजात बोललो. आवाज लागत नाही तर दुसरा भाग हवाच कशाला, असं म्हणालो. आपण स्वतःची कीव करून घेतोय, लोक ओळखीखातर बसतात, असंही म्हणालो. यातलं खोटं काहीच नव्हतं. तो ऐकून घेत होता. सहा महिन्यांपूर्वी त्याच्या कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली होती आणि त्याने ती घेतली होती, हे आम्हा तिघांना ठाऊक होतं. त्याच्या घरी गेलं की कार्यक्रमातल्या गाण्यांची यादी भिंतीवर लावलेली दिसायची. कार्यक्रम झाल्यावर आठ दिवसांत पुढच्या वर्षीची लागायची. हेही ठाऊक होतं.

"तुमचं बरं आहे," तो म्हणाला. "तुम्हाला सोमवारी कुठेतरी जायचं असतं."

मी मत घ्यायला लावलं. मग हात वर करून झालं. तीन विरुद्ध एक.

पुढच्या वर्षी आम्ही बारा गाणी वाजवली आणि खरं सांगायचं तर इतकं चांगलं आम्ही परत जमल्यापासून कधीच वाजवलं नव्हतं. गायकाचा आवाज शेवटपर्यंत टिकला. माझा खांदा कुरकुरला, पण हात वर जात राहिला. बरोबर बाराला संपलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, घाईने नाही, मनापासून. एक वर्गमित्र स्टेजपाशी येऊन म्हणाला, "छान आटोपशीर झालं रे. आता दरवर्षी येईन." म्हणजे मधली काही वर्षं तो आला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

सव्वाबारापर्यंत पार्किंग रिकामं झालं. गिटारवाल्याने आणि बासवाल्याने जेवायला टेबलं सांगून ठेवली होती, आपापल्या घरच्यांबरोबर. ते गेले. माझी बायको एका बारशाला जायची होती, ती रिक्षाने गेली. मी ड्रम उतरवून पिशव्यांत भरले. मागे वळलो तर गायक अजून माईकच्या स्टँडपाशी उभा, वायर गुंडाळत. ती गुंडाळून झाली होती, त्याने सोडवली आणि परत गुंडाळायला घेतली.

"चल," मी म्हणालो, "तुला घरी सोडतो."

"घरी अडीच सांगितलंय," तो म्हणाला.

मला आधी कळलं नाही. "मग लवकर गेलास तर काय बिघडलं?"

तो खाली उतरून तिसऱ्या रांगेत जाऊन बसला. मी त्याच्या शेजारी बसलो. हॉलमध्ये आम्ही दोघंच. नाटकवाले यायला बराच अवकाश होता, आणि मॅनेजर एकदा डोकावून, "दोनपर्यंत तुमचाच आहे," असं सांगून गेले.

त्याचा फोन वाजला. बायकोचा होता, मला नाव दिसलं. तिला मी ओळखतो. बँकेत नोकरी करते आणि रविवारी त्याच्यासाठी जेवायची थांबते. दीड तासाचं त्याने घरी सांगितलंच नव्हतं, हे मला त्याच्या बोलण्यावरून कळलं.

"हो, मध्यंतर झालंय," तो फोनवर म्हणाला. "नाही, गर्दी आहे चांगली. आता दुसरा भाग सुरू होईल. हो, घसा बरा आहे. तू जेवून घे, थांबू नकोस."

फोन खिशात ठेवून तो समोर स्टेजकडे बघत बसला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही, आणि ते बरं झालं, कारण मला रडू येत होतं. मला हवी होती ती विश्रांती मी मिळवली होती आणि तिचा पुरता दीड तास त्याच्या अंगावर पडला होता. दोन वाजेपर्यंत आम्ही तसेच बसून होतो. माफ कर एवढे दोन शब्दसुद्धा माझ्या तोंडून निघाले नाहीत.