भंतेजींचं ताट

माझ्या सासूनं आयुष्यात एकच हट्ट धरला आणि तो नेमका सरकारी शिक्क्याला आडवा गेला.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही निमोण्याच्या बौद्धवस्तीत राहायचो. नवरा दौंडला रेल्वेत. पास मिळाला म्हणून तो बुद्धगयेला गेला आणि येताना थायलंडचा एक तरुण भिक्खू बरोबर घेऊन आला. लोक तीर्थाहून प्रसाद आणतात, आमच्या ह्यांनी भंतेजी आणले. वस्तीनं नुकतंच एका खोलीचं विहार बांधलं होतं, तिथं त्यांची सोय झाली.

भंतेजी दुपारी बारानंतर जेवत नसत. म्हणून अकराच्या आत त्यांचं ताट वाढायचं. पहिल्या दिवशी सासूनं भाकरी आणि मटकीची आमटी वाढली. त्यांनी ती शांतपणे, ताट पुसून खाल्ली. सासू घरी येऊन चुलीपुढं रडली. जन्मभर तिला ओंजळीत वरून पाणी मिळालेलं. तिच्या हातचं परका माणूस आनंदानं खातोय, हे ती पहिल्यांदा बघत होती. पुढं ती इतकं वाढायची, की भंतेजींना पहिला मराठी शब्द आला तो ‘बास’.

भिक्खू आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने एकाच ठिकाणी राहतात, त्याला वर्षावास म्हणतात. सासूनं जाहीर केलं, "औंदाचा वर्षावास हितंच. तीन म्हैने रोज म्याच वाढणार."

भंतेजींनी पासपोर्ट काढून दाखवला. त्यांचा व्हिसा पौर्णिमेच्या आधीच संपत होता, आणि मुदत वाढवून मिळणार नाही अशी अट त्यावरच छापलेली होती. नवऱ्यानं सासूला समजावलं, की व्हिसा म्हणजे परक्या देशात राहायची परवानगी.

"मग त्येंचं नाव आपल्या रेशनकार्डावर चढवा," सासू म्हणाली. "मंग कोण हालवतंय?"

मी हसले, तर माझ्यावरच उखडली. आणि तडक सरपंचांकडं गेली.

सरपंच म्हणजे वरच्या आळीचे बागायतदार. एरवी मला त्या माणसाचा संताप यायचा. वस्तीला विहीर मागितली की ह्यांचा शिक्का हरवायचा. पण त्या दिवशी म्हणाले, "गावात कोण ऱ्हाणार ते गाव ठरवील. करू की ठराव." आणि ग्रामपंचायतीनं खरंच ठराव केला, की भंतेजींचा मुक्काम तीन महिने वाढवण्यात येत आहे. भारत सरकारला कळवायचं तेवढं राहिलं.

तो ठराव घेऊन आम्ही भंतेजींसह पुण्याला पोलिसांच्या परदेशी लोकांच्या कचेरीत गेलो. साहेबांनी तो दोनदा वाचला.

"ग्रामपंचायतीला एवढा अधिकार असता, तर मी तुमच्याच गावाला बदली मागितली असती," ते म्हणाले. मग सासूकडं बघून मऊ आवाजात म्हणाले, "आजी, ही अट व्हिसा देतानाच घातलीय. माझ्याच काय, माझ्या साहेबांच्याही हातात नाही."

मला त्या शिक्क्याचा असा राग आला होता, की पासपोर्ट हाती लागता तर चुलीत घातला असता.

भंतेजींची गाडी दौंडहून दुपारची होती. सासूनं त्यांना फलाटावरच अकराच्या आत जेवू घातलं. गाडी हलली तशी तिला रडू आवरेना. भंतेजी खिडकीतून म्हणत राहिले, "बास, माई, बास."

आषाढी पौर्णिमेला सकाळी मी विहारात गेले, तर सासूनं सतरंजी अंथरलेली, ताट वाढलेलं, पुढं कुणी नाही. ती तशीच बसून होती. मला राग आला.

"आत्या, तुम्ही बसा ताटावर," मी म्हणाले.

"येडी हाय का? म्या काय भंते हाय व्हय?"

"न्हाई. पण भाकरी निवायलीय. बसा म्हणते ना."

दंडाला धरून मी तिला बसवली. घरात बाप्ये जेवले, पोरं जेवली, की उरलेली गार भाकरी घेऊन ती कोपऱ्यात बसायची, मी लग्न होऊन आल्यापासून हेच बघत होते. मी पळत घरी जाऊन तव्यावरून उतरलेल्या दोन भाकरी आणल्या. तिनं तुकडा मोडला, वाफ निघाली.

"गरम आसली की लय मऊ लागती गं," ती म्हणाली.

मी अजून एक वाढली. ती बास म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी साडेदहालाच ती शेजारच्या म्हातारीला हाताला धरून विहारात घेऊन आली. म्हातारी लाजून दारातच अडली, तशी सासूनं तिला खांदे दाबून सतरंजीवर बसवलं आणि पदर खोचला.

"गप बस. तीन म्हैने रोज म्याच वाढणार हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडं वळली, "उद्या कुणाला आणू, तेवढं सांग."