तीन चाकांचं चित्र

माझा एक गाढवपणा सांगतो. चहा संपेपर्यंत कुणी हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा.

संप सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. गिरण्यांचे भोंगे गप्प, आणि मी नुकताच इंजिनिअर झालेला, त्यामुळे समाज बदलायची भलतीच घाई. लालबागच्या एका चाळीत कोकणातल्या गावकऱ्यांनी मिळून घेतलेली खोली मिळाली. तिथे इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी फुकट वर्ग काढला. माझं तत्त्व एकच: पानंच्या पानं उतरवू नका, चित्र काढा. डोळ्यांत बसलेलं जन्मात विसरत नाही.

पहिल्याच दिवशी फळ्यावर तीन दातेरी चाकं काढली. प्रत्येकाचे दाते उरलेल्या दोघांत अडकलेले. एकात लिहिलं ऐकणं, दुसऱ्यात काढणं, तिसऱ्यात समजणं. मुलांनी ते वहीच्या पहिल्या पानावर घेतलं. मला भरून आलं.

त्यांतला सुनील यंत्रशास्त्रात एकदा नापास झालेला. पुन्हा राहिला तर कॉलेज बंद आणि मिळेल ती नोकरी, असं घरी ठरलेलं. त्याचे वडील, तात्या, गिरणीत फिटर, संपापासून घरीच. एकदा आमच्यासाठी चहाची किटली घेऊन आले आणि फळ्यासमोर उभेच राहिले. मला वाटलं, भारावले. दुसरीपर्यंत शिकलेल्या माणसाला कळावं म्हणून मी सावकाश अर्थ सांगितला.

"ह्यां फिराचां नाय," ते म्हणाले.

"तात्या, हे प्रतीक आहे."

"असात," म्हणाले, आणि कप गोळा करून गेले.

तोंडी परीक्षेत सुनीलला दातेरी चाकांची जुळणी काढायला सांगितली. त्याने माझी काढली. जन्मात विसरत नाही, हे माझं म्हणणं खरं ठरलं! परीक्षक म्हणाले, पहिलं उजवीकडे फिरव. म्हणजे दुसरं डावीकडे. आणि तिसरं? पहिलं त्याला एकीकडे ढकलतंय, दुसरं उलटीकडे. तिन्ही जाम. हे कुणी शिकवलं, असं विचारल्यावर पोराने माझं नाव पदवीसकट सांगितलं. परीक्षकांना त्याची कीव आली. चार दिवसांनी परत ये म्हणाले.

मी माफी मागायला त्यांच्या घरी गेलो. तात्या ट्रंकेतली एक तेलकट वही उघडून सुनीलला शिकवत होते. पानापानांवर यंत्रं, त्यांची चाकं, कुठलं कुठे फिरतं त्याचे बाण. अक्षर एकही नाही.

"लिवूक जमणा नाय," तात्या म्हणाले, "म्हणान चित्रां."

मी खाली मान घातली. त्यांना दया आली असावी.

"तुझां चित्र अगदीच चुकलां नाय, झिला. तीन चाकांत मालक, सरकार, युनियन लिही. गिरणी कशी बंद पडली तां बरोबर दिसतां."

सुनील पास झाला. आता वर्ग तात्या घेतात. मी मागच्या रांगेत बसून टिपणं उतरवतो, पानंच्या पानं. चित्र काढायला मला मनाई आहे.