बसवंतराव उंबऱ्यात थांबतात

मानवतच्या मोंढ्यात बसवंतराव मापाड्यांनी एकेचाळीस वर्षं धान्य मोजलं, पण मापावर त्यांच्या तोंडून 'एक' हा आकडा कधी कुणी ऐकला नाही. पहिलं पोतं काट्यावर टाकायचं झालं की ते पुकारायचे, 'लाऽभ'. मग दोन, तीन, चार. एक म्हटलं की माल एकावरच अडतो, असं त्यांचे वडील सांगायचे. आवाज असा खणखणीत, की रस्त्यापलीकडचा हॉटेलवालासुद्धा त्या तालावर भजी उलटायचा.

असा माणूस यंदाच्या उन्हाळ्यात उंबऱ्यात थांबायला लागला. अंगणातून बरे यायचे, पण दार आलं की पाय डिंकानं चिकटवल्यासारखे. ना आत, ना बाहेर. चेहरा कोरा. कुणी हाक मारली तर उत्तर इतकं हळू, की ते मनातल्या मनात दिलंय असं वाटावं.

त्यांच्या मंडळींनी, नागुबाईंनी, लगेच निदान केलं. हे रुसलेत.

निदानाला आधार होता. बसवंतरावांचे रुसवे पंचक्रोशीत नावाजलेले. मेहुण्याच्या लग्नात गार भजी वाढली म्हणून ते मांडवाच्या दारात दीड तास उभे राहिले होते, आणि शेवटी नवरदेवानं हात जोडले तेव्हा आत आले. तेव्हा नागुबाईंनी ठरलेला उपाय सुरू केला. पुरणपोळी झाली, धपाटे झाले, तिळाची चटणी झाली. बसवंतराव सगळं आवडीनं जेवायचे आणि हात धुवायला निघाले की पुन्हा दारात उभे. दोन महिने असं चाललं. शेवटी शेवटी तर त्यांना स्वतःलाच शंका यायला लागली, की आपण रुसलोय खरं, पण कशावरून ते काही आठवत नाही.

मग उजवा हात थरथरायला लागला, आणि मुलगा राजशेखर त्यांना परभणीला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी त्यांना चालवलं, वळवलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली आणि सांगितलं, हा कंपवात. मेंदूकडून हातापायांना निघालेला हुकूम वाटेत रेंगाळतो. चेहरा हलत नाही, आवाज बसतो, पाय दारात अडतात, ते त्यापायीच. यात हट्टाचा काही संबंध नाही.

"म्हंजे हे दोन महिने रुसलेच न्हवते?" नागुबाईंनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, नाही.

"मग पुरन फुकट गेलं की हो."

गोळ्यांनी अंग मोकळं झालं, हातही पुष्कळ निवला. उंबरा तेवढा हटेना. आणि दसरा तर पाच आठवड्यांवर आलेला.

दसऱ्याला मोंढ्यात नव्या सोयाबीनचा मुहूर्त असतो. काटा आता विजेचा आहे, आकडे आपोआप लाल दिसतात, पण पहिला 'लाभ' माणसाच्याच तोंडून निघाला पाहिजे, आणि तो मान निवृत्तीनंतरही बसवंतरावांचाच. यंदा आडते दत्तराव यांनी निरोप पाठवला, की चालायची दगदग करू नका, जीप थेट काट्यापर्यंत आणतो, दोघं जण उचलून उतरवतील. बसवंतरावांनी निरोप्याला जवळ वाकायला लावून उत्तर दिलं, "मापाड्याला उचलून नेलं तर तो मापाडी कसला? तो माल झाला." चालत जमलं तर येईन, नाहीतर दुसरा मापाडी बघा. दुसरा मापाडी बघा हे ते बोलून गेले होते खरे, पण त्या रात्री घास काही गोड लागेना.

आठवड्यातून दोनदा व्यायाम शिकवायला अबोली नावाची मुलगी यायची. तिनं युक्ती सांगितली. पाय अडला की ओढाओढ करायची नाही. थांबायचं, अंग या पायावरून त्या पायावर झुलवायचं, मग मोठ्यानं एक म्हणायचं आणि पाऊल टाकायचं. "तालाचं ऐकतात पाय, आजोबा. म्हणा, एक!"

बसवंतराव उंबऱ्यात झुलले. 'एक' काही म्हणेनात. तीच म्हणाली, एक. पाय जागचा हलला नाही. तिनं फरशीवर खडूच्या रेघा मारल्या, टाळ्या वाजवल्या, एक, एक, एक. बसवंतराव देवळातल्या नंदीसारखे स्थिर. पोरीला घाम फुटला.

नागुबाई स्वयंपाकघरातून हे ऐकत होत्या. त्या पिठाच्या हातानं बाहेर आल्या. "अवो बाई, जलमात एक म्हनलं न्हाई त्यांनी. लाभ म्हना."

अबोलीला काही उमगलं नाही, पण ती म्हणाली, "लाभ."

उजवा पाय उंबऱ्यापलीकडं पडला. दोन, तीन, चार, आणि बसवंतराव अंगणात.

त्या दिवसापासून ते गल्लीत मोजत फिरायला लागले. अडले की झुलायचे, लाभ म्हणायचे, निघायचे. पानटपरीवाला भागवत रोज विचारायचा, काका, इथपर्यंत किती पोती झाली? बसवंतराव न थांबता सांगायचे, "तीनशे बारा. पाला लय निघायलाय." पाला म्हणजे भागवतची विड्याची पानं, त्याच्या टपरीचाच उद्धार, हे सगळी गल्ली समजून होती.

दसऱ्याच्या सकाळी कपाळी भस्म लावून, गोळी वेळेवर घेऊन ते निघाले. मागं चार पावलांवर नागुबाई. सगळा बाजार ओलांडून ते मोंढ्यापाशी आले. मोठं फाटक ट्रॅक्टरांनी अडवलेलं, म्हणून बाजूच्या अरुंद दारानं जायचं ठरलं आणि तिथंच पाय चिकटले. ते झुलले, लाभ म्हणाले. पण भोंग्यांच्या गोंगाटात तो बारीक आवाज त्यांच्या स्वतःच्या कानापर्यंतही पोचेना. पुन्हा म्हणाले. काही नाही. मागं माणसं खोळंबली. आतून दत्तरावांनी नारळ हातात धरूनच दोघा हमालांना खूण केली, की आणा उचलून. हमाल निघाले.

मोंढ्यात नागुबाई आजवर चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या. त्यांनी पदर खोचला आणि पुकारलं.

"लाऽऽभ!"

पाय उचलला गेला. दोन, तीन, आणि बसवंतराव दारातून आत आले.

पण तिकडं काट्याजवळ पंडित हमाल पाठीवर पोतं घेऊन उभा होता. तीस वर्षं त्या एका शब्दावर त्याची पाठ वाकत आलेली. शब्द कानी पडला आणि धप्पकन पोतं काट्यावर. लाल आकडे उमटले. नारळ अजून दत्तरावांच्या हातातच.

एकच कालवा झाला. मुहूर्त झाला की मोडला? कुणी म्हणे पोतं उतरवा, पहिल्यापासून करू. कुणी म्हणे बाईमाणसाचा लाभ कसा धरायचा. पंडित कान धरून उभा. शेवटी सगळ्यांनी बसवंतरावांकडं पाहिलं.

ते मोजत मोजत काट्याशी आले. पोत्यावर हात ठेवला. चार दाणे काढून दाताखाली घातले आणि ओलावा बघितला.

"लाभ पुकारला की माप मागं घेत न्हाईत," ते म्हणाले. जवळच्यांनी ऐकलं, त्यांनी लांबच्यांना सांगितलं. मग बसवंतराव पंडितकडं वळले. "दोन."

पंडितनं दुसरं पोतं उचललं. दत्तरावांनी घाईघाईनं नारळ फोडला. बसवंतराव काट्याला हात टेकून उभे होते. तीन झालं, चार झालं. नागुबाई सावलीतल्या बाकड्यावर जरा अवघडून टेकल्या. एरवी पुरुषांच्याच त्या बाकड्यावर बाई बसल्याचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. सातव्या पोत्याला त्यांनी तिथूनच सांगितलं,

"जरा मोठ्यानं म्हना, मागच्याला ऐकू येत न्हाई."

"आठ," बसवंतराव होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाले, आणि मागच्याला ऐकू गेलं.