सात मिनिटांनी धाकटा

कारखान्याच्या एका शॉपमध्ये वीस वर्षं काढली की दोन गोष्टी आपोआप साठतात, गुडघेदुखी आणि किस्से. तापलं लोखंड ठोकून घडवणाऱ्या आमच्या चाकणच्या फोर्जिंग शॉपमधले निम्मे किस्से आम्हा दोघांचे. मी अंकुश, आणि लहू माझा जुळा भाऊ, सात मिनिटांनी मोठा. चेहरा एक, कंपनी एक, शिफ्ट एक, दिघीत समोरासमोर दारं. तरी चांगलं ते सगळं त्याच्याच वाट्याला जातं. मी जळतो त्याच्यावर. लपवायचं काय त्यात?

*

नवीन आलेल्या मॅनेजरसाहेबांनी एकदा माझ्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास, तुमच्यामुळे डाय वाचली!" डाय, म्हणजे लोखंड घडवायचा महागडा साचा, वाचवली होती लहूनं. मी शाबासकी खिशात घातली.

पुढच्या आठवड्यात माझ्या हातून मालाचा एक लॉट बिघडला, तेव्हा साहेबांनी बोलणी खायला बरोबर मलाच बोलावलं. मी विचारलं, "साहेब, आता कसं ओळखलंत?"

"दात बघून," साहेब म्हणाले. माझे तंबाखूनं तपकिरी झालेले, लहूचे पांढरेशुभ्र. कुणीतरी साहेबांना खूण सांगितली होती.

*

एकाच गोष्टीत मी लहूच्या पुढे होतो. टी-ब्रेक दहा मिनिटांचा, किटली येते ती वाफाळत. प्रेसवरचे सलीमभाई घड्याळ धरायचे आणि मी उकळता ग्लास चार घोटांत संपवायचो. लहू चहावर साय धरेपर्यंत बसून राहायचा.

"अंकुश, तुझा घसा हाय का भट्टीची चिमणी?" सलीमभाई विचारायचे, आणि अख्खी लाइन माझ्याकडे बघायची. लहूकडे कुणी बघत नसे. काय सुखाचे दिवस होते ते!

*

मग भाकरीचा घास छातीत अडकायला लागला. आधी पाण्याबरोबर उतरवला, मग आमटीत कुस्करून, मग भाकरी सोडून भातावर आलो. लहू समोर बसून कोरडी भाकरी आणि ठेचा मजेत खायचा. जेवणावरून मी कधी कुणावर जळलो नव्हतो, तेही करून झालं.

खरं सांगायचं तर भीती वाटत होती. तेवढ्यात कंपनीची वार्षिक तपासणी आली. अनफिटचा शेरा बसला तर काय, या धास्तीनं मी लहूला म्हणालो, "माझ्या नावानं तूच आत जा."

"न्हाई जायचा."

"जन्मापासून सगळं तुलाच मिळालं. एवढं तरी कर."

शेवटी तो दोनदा तपासणीला गेला. सकाळी लहू म्हणून गेला, दुपारी अंकुश म्हणून. माझा फॉर्म मात्र मी स्वतः भरला होता, आणि सवयीप्रमाणे खरा भरला होता.

डॉक्टर मॅडमनी त्याला तोंड उघडायला लावलं. "अंकुशराव, पंधरा वर्षं तंबाखू लिहिलंय इथं. हे दात कुठून आणले?"

लहूला खोटं कधी जमलंच नाही. तो म्हणाला, "मॅडम, दात माझं हायत. तंबाखू त्याची हाय."

बाहेर रांगेत हशा पिकला. मी कॉम्प्रेसरच्या मागे उभा होतो, तिथून मला सलीमभाईंनी धरून आणलं.

*

घास अडकतो हेही लहूनं सांगून टाकलं. मी मॅडमना म्हणालो, "आम्ही जुळे आहोत. त्याला काही नाही, मग मलाच कसं होईल?"

मॅडमनी भिंतीवरचा स्विचबोर्ड दाखवला. "तुमचं दोघांचं वायरिंग एकच आहे. पण तंबाखू, दारू, उकळता चहा वर्षानुवर्षं चालला की अन्ननलिकेतल्या पेशींची राखण करणारी काही बटणं बंद पडू शकतात. वायर तीच राहते, दिवा लागत नाही. मग कॅन्सरचा धोका वाढतो."

"आणि याची बटणं?"

"त्यांची चालू असावीत."

बघा! बटणंसुद्धा त्याचंच ऐकतात.

"माझी परत चालू होतील का?" मी विचारलं.

"काही होऊही शकतात. आधी बंद करणारा हात तर थांबवा," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी दुर्बिणीच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली.

*

रिपोर्ट घ्यायला लहूच गेला, मी दवाखान्याच्या दाराशीच थांबलो. कॅन्सर नाही, पण आतल्या अस्तरात बदल सुरू झालेत. उपचार घ्यायचे, सहा महिन्यांनी परत दुर्बीण, तंबाखू बंद, उकळता चहा बंद.

तंबाखूची पुडी त्याच दिवशी टाकली. चहाचं मात्र लक्षातच राहिलं नाही. कामावर परतलो, ब्रेक झाला, किटली आली, आणि सवयीनं ग्लास ओठांपर्यंत गेला. सलीमभाईंची नजरही सवयीनं घड्याळाकडे गेली.

लहूनं माझ्या हातातून ग्लास काढून घेतला, बाकावर आपल्या ग्लासाशेजारी ठेवला. "सलीमभाई, घड्याळ लावा. सात मिनिटं."

सगळी लाइन बघत होती. मला राग आला. "मी काय लहान पोर आहे?"

"जन्मताना थांबला व्हतास ना माझ्यामागं सात मिनिटं?" लहू म्हणाला. "मग आताबी थांब."